कोपरा नसलेला ठसा

बर्फ पडला की मनापासून खूश होणारा मराठी माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सस्काटूनमध्ये आम्ही सगळे नोव्हेंबर ते एप्रिल बर्फाला शिव्या घालत जगतो. फावडी, मीठ, विंटर टायर्स आणि गाडीच्या ब्लॉक हीटरची वायर, यांच्यापलीकडे आमच्या गप्पा जात नाहीत. ठसेकाका मात्र सकाळी उठून फोनवर हवामान बघायचे आणि "पडतोय! पडू दे, अजून पडू दे," असं म्हणत चहाचा कप तोंडाला लावायचे. नवख्या माणसाला वाटे, म्हातारा सटकलाय. पण ते बघत ते हवामान इथलं नव्हतंच. ते होतं कॉकेशसमधल्या एका डोंगराचं. त्या डोंगरावर बर्फ असेपर्यंत काकांचा जीव थाऱ्यावर असे.

त्या डोंगराचं नाव मी लिहिणार नाही. देशाचंही नाही. वाचणाऱ्याला वाटेल, बाई उगाच भाव खाते आहे. तसं नाही. का ते पुढे येईलच.

काकांचं खरं नाव फक्त काकूंना आणि पेन्शनच्या ऑफिसला ठाऊक असावं. बाकी आम्हा आठ-दहा मराठी घरांना ते ठसेकाका. सत्तरच्या दशकात राजापूरकडून इकडे आलेले, पोटॅशच्या खाणीत जिऑलॉजिस्ट म्हणून उभी नोकरी केलेले, उंच, जरा पोक आलेले. ओळख पटण्याची खूण म्हणजे त्यांची नखं. बारा महिने शाईने काळी. गणपतीच्या आरतीला ताट त्यांच्याकडे आलं की काकू भर मंडळीत म्हणायच्या, "अहो, तुम्ही नुसते टाळ्या वाजवा, तबकाला हात लावू नका. मग मला ते घासत बसावं लागतं." काका निमूट टाळ्या वाजवायचे.

ही शाई कसली, ते मला पहिल्याच वर्षी कळलं. मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत नोकरीला लागले होते, गावात कोणी ओळखीचं नव्हतं, आणि काकूंनी ग्रोसरीच्या दुकानात माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र बघून थेट हळदीकुंकवाचं आमंत्रण दिलं होतं. "जा गं, बेसमेंटमधून दोन घडीच्या खुर्च्या आण," म्हणाल्या म्हणून मी खाली गेले. दिवा लावला आणि जागच्या जागी थिजले. कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांवर, एकीमागे एक, माणसाएवढाले कागद टांगलेले. प्रत्येक कागदावर काळ्या शाईत पांढरे प्राणी. लांब, पाठीपर्यंत वळलेल्या शिंगांचे रानबोकड. शेकड्यांनी. वरून येणाऱ्या हवेने कागद हलत होते आणि ते सगळे पळत असल्याचा भास होत होता. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला होती.

मागे काका येऊन उभे राहिले होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काका, हे सगळे एकीकडेच का पळतायत?"

"पाच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी दगडावर कोरलेत ते. कशाला तरी भ्यालेत एवढं दिसतं," काका म्हणाले. "ज्याला भ्यालेत, ते मात्र कोणी कोरलेलं नाही. मी शोधतोय."

मी खुर्च्या घेऊन वर आले. त्या दिवशी कुंकू लावून घेताना माझा हात गार होता, असं काकू अजून सांगतात.

काकांच्या या वेडाचं मूळ त्यांच्या लहानपणाच्या घरात होतं. घराभोवती जांभ्या चिऱ्यांचा गडगा होता आणि त्या गडग्यातल्या एका चिऱ्यावर माशाची कोरलेली शेपूट होती. नुसती शेपूट. गावामागच्या सड्यावर, म्हणजे उघड्या माळावरच्या कातळात, कोरलेली मोठमोठी चित्रं होती, लोक त्यांना पांडवांनी काढलेली म्हणायचे. पुढे सड्यावर चिरेखाण आली, चित्रांसकट कातळ कापला गेला आणि चिरे तालुकाभर विकले गेले. "मासा किती मोठा होता, कुठे होता, तोंड कुठे होतं, काही काही लिहून ठेवलेलं नाही," काका सांगायचे. "आमच्या बापाने पैसे मोजून शेपूट विकत घेतली आणि त्याच्यावर आम्ही ओले पंचे वाळत घातले." हे सांगताना ते हसायचे. ऐकणाऱ्याला हसू यायचं नाही.

कॉकेशसशी त्यांची गाठ पडली ती निवृत्तीच्या अगोदर. खाणीच्या कामासाठी बाकूला गेले असताना कोणीतरी त्यांना शहराबाहेरचं जुनं अग्निमंदिर दाखवायला नेलं. जमिनीतून वायू येऊन तिथे एके काळी ज्वाला आपोआप जळत असत. त्या मंदिराच्या दारावर, समुद्रापलीकडच्या त्या परक्या मुलखात, दगडात देवनागरी कोरलेलं. श्री गणेशाय नमः. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी व्यापाराला गेलेल्या आपल्याकडच्या माणसांनी कोरलेलं. काका म्हणायचे, "मी तिथे उभा राहिलो आणि मला रडू आलं गो बाय. चाळीस वर्षं परदेशात राहून मी एक अक्षर कोरलं नाही कुठे." दुसऱ्या दिवशी त्यांनी गोबुस्तानच्या खडकांवरच्या होड्या आणि हातात हात धरून नाचणारी माणसं बघितली. तिसऱ्या दिवशीचं विमान त्यांनी चुकवलं. काकूंच्या मते ते अजून चुकलेलंच आहे.

त्यानंतर दर उन्हाळ्यात सहा आठवडे स्वारी कॉकेशसमध्ये. कधी कोरीव क्रुसांच्या शिळा, कधी डोंगरातल्या गावांचे दगडी बुरूज, पण मुख्य म्हणजे रानबोकड. बर्फ वितळून डोंगरमाथे उघडे पडत तेवढ्याच दिवसांत ते दगड दिसत. तेव्हा काकाही आमच्यासारखेच बर्फाला शिव्या द्यायचे, हे मुद्दाम सांगते. "मेला जूनच्या अखेरीपर्यंत हलत नाही," म्हणून तिथल्या बर्फाचा उद्धार करायचे.

त्यांची कामाची पद्धत जुनी होती. आपल्याकडे शिलालेखांचे ठसे घेतात तशीच. दगड पाण्याने आणि मऊ कुंचल्याने स्वच्छ करायचा, त्यावर जाड हातकागद ओला करून बसवायचा, ब्रशने ठोकून ठोकून प्रत्येक खाचेत दाबायचा आणि कागद जरा सुकला की शाईच्या बोळ्याने वरून टिपत जायचं. खाचा पांढऱ्या राहतात, बाकी काळं होतं. बोळ्याला काकूंच्या जुन्या सुती साडीचाच तुकडा लागायचा. "नव्या कापडाला शाई धरत नाही," हे काकांचं म्हणणं. "माझ्या इरकली रशियन बोलणाऱ्या मुलखात धारातीर्थी पडल्या," हे काकूंचं. मी म्हणायची, "काका, फोनने फोटो का नाही काढत?" तर म्हणायचे, "फोटोत दगड दिसतो. ठशात दगडाला हात लागतो."

ठसा सुकला की खालच्या उजव्या कोपऱ्यात ते बारीक अक्षरात लिहीत. क्रमांक, तारीख, दगडाची जात, चित्राचं तोंड कुठल्या दिशेला, आणि जागा. जागा म्हणजे गावाचं नाव नव्हे. अक्षांश-रेखांशाचे आकडे, पावलाचाही फरक पडणार नाही इतके नेमके. खाणीत हजार मीटर खालून ड्रिलने नमुन्यासाठी काढलेल्या दगडाच्या दांड्यावर कोणी जागा लिहायला विसरला, तर काका तो सरळ फेकून देत. त्यांचं ब्रीदवाक्य आमच्या मराठी मंडळातल्या पोरांनाही पाठ होतं: "जागा लिहिली नाही तर तो नमुना नव्हे, अंगणातला धोंडा." गडग्यातल्या त्या शेपटीचा सूड ते अशा तऱ्हेने आयुष्यभर घेत होते, असं मला वाटतं.

डोंगरावर त्यांचा सोबती म्हणजे एक म्हातारा मेंढपाळ. काका त्याला 'पाटील' म्हणायचे, कारण दरीतली पाच घरं त्याला विचारल्याशिवाय चूल पेटवत नसत. दोघांची भाषा म्हणजे मोडकी रशियन आणि हातवारे. पाटील दरवर्षी नवा दगड दाखवायचे आणि दरवर्षी एकच गोष्ट बजावायचे: दगड बघावा, नमस्कार करावा, खाली आल्यावर त्याच्याबद्दल बोलू नये. बोललं तर तो जातो. काकांनी हे मला हसत सांगितलं होतं. "पाटील अंधश्रद्धाळू आहे, पण माणूस सोन्यासारखा."

आता माझ्या पापाकडे येते. काकांना पंचाहत्तरी लागली तेव्हा मी त्यांना म्हटलं, हे सगळं बेसमेंटमध्ये कुजणार, आपण वेबसाइट करू. मी लायब्ररीत याच कामाची, मला भारी हौस. दर रविवारी दुपारी मी जायची, काकू पोहे द्यायच्या, आणि काका एकेक कोपरा वाचून दाखवायचे, मी टाइप करायची. आकडे टाइप झाले की काका डोळे मिटून म्हणत, "सुलट वाच." मी वाचे. मग म्हणत, "आता उलट वाच." शेवटच्या आकड्यापासून पहिल्यापर्यंत. खाणीतली सवय. उलट वाचलं की चूक लपत नाही म्हणे. असे आम्ही दोनशे चौदा दगड सुलटे आणि उलटे वाचले.

मी एकदा विचारलं होतं, नाही असं नाही. "काका, एवढं नेमकं कशाला? जवळच्या गावाचं नाव टाकू ना."

काका एवढे चिडले की काकू किचनमधून बाहेर आल्या. "उद्या तो डोंगर खचला, धरण झालं, रस्ता गेला, तर कोण सांगणार कुठे काय होतं? जगाला कळू दे. लपवलं म्हणूनच आमचा मासा गेला!"

मी मान डोलावली आणि आकडे टाकले. पानाच्या तळाशी, दोनशे चौदाव्या दगडाच्या खाली, मी ऐटीत माझं नाव घातलं. मांडणी आणि संकलन, अमुक अमुक, सस्काटून. काकूंनी त्या दिवशी श्रीखंड केलं होतं.

त्याच उन्हाळ्यात पाटलांनी काकांना सगळ्यात मोठा दगड दाखवला. दगड कसला, भिंतच. डोंगराच्या खांद्याखाली, जेमतेम तीन आठवडे उघडी पडणारी. काका परत आले ते बॅगा न उघडताच ठसा पसरायला बसले. तो ठसा चार कागद जोडून घेतला होता. त्यात रानबोकड होते, आणि पहिल्यांदाच, ते ज्याच्यापासून पळत होते तेही होतं. काय होतं ते मी सांगणार नाही. मी त्या आकड्यांचं सुलट-उलट वाचन केलं, फक्त ते अपलोड करायचे राहिले होते. तेवढ्यात मी उत्साहाच्या भरात ठशाच्या एका तुकड्याचा फोटो साइटवर टाकला आणि लिहिलं: लवकरच, दोनशे पंधरावा दगड, सर्वांत मोठा.

पुढच्या जुलैत, काका निघायच्या आठवडाभर आधी, पाटलांचा फोन आला. त्यांची नात इंग्रजी बोलते, ती मध्ये होती. म्हणाली, आजोबा सांगतायत, पहिला दगड जागेवर नाही.

"नाही म्हणजे? घसरला असेल," काका म्हणाले.

"नाही. कापलाय. सरळ रेषेत."

काका गेले. परत आले तेव्हा त्यांनी फोटो दाखवले. काळ्या खडकात पिवळट, कोवळा, आयताकृती खड्डा. करवतीच्या दातांच्या रेषा दिसत होत्या. असे नऊ खड्डे. काही दगड नेताना फुटले होते, त्यांचे तुकडे तिथेच पडले होते, एका तुकड्यावर नुसतं शिंग. काका दिवसभर बेसमेंटमध्ये बसून राहिले. चोरांनी नेमके हेच दगड का निवडले, रस्त्याला जवळ म्हणून की काय, याचा नकाशावर हिशेब मांडत होते. कुठलाच हिशेब लागेना. काही दगड दरीच्या या टोकाला, काही त्या टोकाला. मग काकू चष्मा लावून नकाशाशी वाकल्या आणि कागदावरचे आकडे बघून म्हणाल्या, "अहो, एक, दोन, तीन, पाच, सहा. जे उचलता येत नाहीत तेवढे सोडलेत. तुमच्याच नंबराने चाललेत हो ते. तुमची यादी हातात घेऊन चाललेत."

मी लॅपटॉप उघडला आणि साइट बंद केली. तिथल्या तिथे, काकांना न विचारता. पण पाण्यात पडलेलं मीठ परत काढता येत नाही, हे मला माझ्या धंद्यामुळे चांगलं ठाऊक होतं. ज्याला हवी होती त्याच्याकडे यादी पोचली होती. पुढच्या उन्हाळ्यात अकरा ते एकवीस गेले. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बावीस ते चाळीस.

काकांनी पत्रं लिहिली. तिकडच्या खात्यांना, म्युझियमांना, ज्याचा पत्ता मिळेल त्याला. एक उत्तर आलं, अगदी अदबीचं. त्यात लिहिलं होतं की आपली कळकळ समजते, संरक्षणासाठी उरलेल्या दगडांच्या, विशेषतः दोनशे पंधराव्याच्या नेमक्या जागा कृपया कळवाव्यात. काका ते पत्र घेऊन खिडकीपाशी उभे राहिले. "हे खरं असेल," म्हणाले, "आणि नसेलही. जपणाऱ्याला आणि चोरणाऱ्याला एकच गोष्ट हवी असते गो बाय. अक्षरावरून ओळखायचं कसं?" त्यांनी उत्तर दिलं नाही. त्या निर्णयावर ते मरेपर्यंत तळमळत होते.

मग आला तो सप्टेंबरचा शनिवार. सकाळी काकूंचा फोन. "ये, आणि तुझी मोठी कात्री घेऊन ये. हे काही ऐकत नाहीत." मागच्या यार्डात फायर पिट पेटवलेला. गार्डनच्या टेबलावर ठशांची चळत. काका खुर्चीत बसून प्रत्येक ठशाचा खालचा उजवा कोपरा कापत होते आणि आगीत टाकत होते. चाळीस वर्षं ज्यांनी जागा न लिहिलेला दगड फेकून दिला, तेच. मी समोर बसले आणि कापू लागले. काकू मधूनमधून चहा आणत होत्या. आम्ही तिघंही सुतकात बसल्यासारखे बसलो होतो. शेजारचा गोरा म्हातारा कुंपणावरून म्हणाला, "बर्निंग लीव्ह्ज?" काका म्हणाले, "येस. ओल्ड लीव्ह्ज."

शेवटचा ठसा दोनशे पंधरावा होता. काकांनी त्याचा कोपरा स्वतः कापला. तो जळेपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "चोर चित्र बघत नाही, बरं का. आधी कोपरा बघतो. माणूस ओळखायचा असेल तर त्याच्यासमोर ठसा धर आणि त्याची नजर कुठे जाते ते बघ."

"तुझ्या कॉम्प्युटरमध्ये काही राहिलं नाही ना?" त्यांनीच पुढे विचारलं.

"नाही काका. सगळं पुसलं."

ते खरं होतं. कॉम्प्युटरमध्ये काहीच राहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. सुलट आणि उलट वाचायला लावणाऱ्या माणसाला ते कुठे राहिलंय हे नक्की कळलं असणार.

त्या हिवाळ्यापासून काका बर्फावर खूश व्हायला लागले. ती भिंत वर्षातले अकरा महिने बर्फाखाली असे, आणि बर्फ हा तिचा पहिला राखणदार. दुसरे पाटील, पण त्यांनी ऐंशी ओलांडलेली. तिकडे वादळ आलं की काका काकूंना शिरा करायला लावत. तिकडे ऊन पडलं की जेवत नसत. एरवी देवाचं नाव न घेणारा माणूस मे महिन्यात देवासमोर उभा राहून पुटपुटायचा. मंडळातले लोक चेष्टा करायचे, "काय काका, आज हिमालयाची पूजा का?" काका म्हणायचे, "त्याच्या धाकट्या भावाची."

गेल्या फेब्रुवारीत त्यांच्या हृदयाने हात टेकले. हॉस्पिटलमध्ये मी दुपारी गेले तेव्हा काकू जेवायला खाली गेल्या होत्या. खिडकीबाहेर इतकं पडत होतं की पार्किंग लॉटमधल्या गाड्या ओळखू येत नव्हत्या. काकांची नखं आयुष्यात पहिल्यांदा मी स्वच्छ बघितली. नर्सने घासून काढली असावीत. मला ते अजिबात आवडलं नाही.

"पाठ आहे?" त्यांनी विचारलं. कशाबद्दल ते विचारायची गरज नव्हती.

"आहे."

"सुलट म्हण."

मी हळू आवाजात आकडे म्हटले. त्यांनी डोळे मिटले होते.

"उलट."

उलटही म्हटले.

"बरोबर," ते म्हणाले. मग डोळे उघडून म्हणाले, "आता विसर."

दोन दिवसांनी ते गेले. दहनाच्या दिवशी रस्ते बंद होते, आम्ही सातच माणसं पोचलो. काकू रडल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यांच्या आवडीचं हवामान आहे." तेराव्यानंतर त्यांनी मला दोनशे पंधरावा ठसा दिला, त्यांच्याच एका इरकलीत गुंडाळून. "घरात नको वाटतो मला," म्हणाल्या. मी तो काचेत बसवून लिव्हिंग रूममध्ये लावला. खालचा उजवा कोपरा रिकामा, तिथे मागची भिंत दिसते.

मेच्या शेवटच्या रविवारी दुपारी दारावर एक माणूस आला. पन्नाशीचा, चांगला कोट, चांगलं इंग्रजी, कुठल्या देशाचं ते उच्चारावरून कळेना. काकांच्या कामाचा तो मोठा चाहता होता म्हणे, त्यांच्यावर स्मृतिग्रंथ काढायचा होता, आणि माझं नाव त्याला वेबसाइटच्या जुन्या प्रतीवर मिळालं होतं. बूट न सांगता काढले. माझ्या चहाचं कौतुक केलं. काकांबद्दल इतक्या आदराने बोलला की मला माझ्या संशयाची लाज वाटायला लागली. मग मी त्याला ठसा दाखवला.

चार कागदांची ती भिंत समोर असताना माणूस काय बघेल? जे दुसऱ्या कुठल्याच दगडावर कोरलेलं नाही ते त्यात आहे. बघितल्यावर माझ्या नवऱ्याच्या हातातला कप पडला होता. या माणसाने आधी खालच्या उजव्या कोपऱ्याकडे बघितलं.

"हा तुकडा कुठे गेला?" त्याने अगदी सहज विचारलं.

"जळला."

"अरेरे. जागेची नोंद नसेल तर अशा ठशाला शास्त्रीय किंमत काय राहते?" तो हळहळला. "तुम्हाला आठवत असेलच. तुम्हीच टाइप करत होतात ना?"

"माझी स्मरणशक्ती वाईट आहे," मी म्हटलं. काकांनी चाळीस वर्षं जपलेलं ब्रीदवाक्य मी त्याला इंग्रजीत ऐकवलं. "जागा नसेल तर तो नमुना नाही. अंगणातला धोंडा आहे. धोंड्यासाठी एवढ्या लांब आलात, माफ करा."

तो हसला. दारात बसून शांतपणे बुटांचे बंद बांधले. उठताना म्हणाला, "काही घाई नाही. तिकडे या वर्षी बर्फ लवकर चाललाय."

तो गेल्यावर मी दाराला कडी लावली. मग माझ्या लक्षात आलं. ते लोक यादीच्या क्रमाने येतात. दोनशे चौदा दगडांच्या खाली, पानाच्या तळाशी, माझं नाव होतं.

काकूंना मी हे सांगितलेलं नाही. पाटलांच्या नातीला सांगितलं. ती म्हणाली, आजोबांना कळवते, पण ते ऐकणार नाहीत, ते या वर्षी आधीच वर गेलेत, भिंतीपाशी पाल टाकून बसलेत. काका हयात असते तर तेही तिथेच बसले असते म्हणे. मी तिला म्हटलं, त्यांना खाली बोलाव. ती म्हणाली, वर रेंज नसते, निरोप चालतच न्यावा लागतो. त्याला आता पाच दिवस झाले.

आज जूनची चार तारीख. सस्काटूनमध्ये लायलॅक फुललेत, नदीकाठी लोक अर्ध्या बाहीत फिरतायत, आणि माझा नवरा सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाला, "वॉव, व्हॉट अ डे!" मी स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर त्या डोंगराचं हवामान बघते आहे. आकाश निरभ्र. ऊन. आठवडाभर ऊन. काका, मी विसरायचा प्रयत्न करते हो. सुलट विसरायला जाते, तर उलट आठवतं. चहा गार झालाय, आणि मी त्या निळ्या पडद्याकडे बघून तुमच्यासारखीच पुटपुटते आहे. पडू दे. थोडा तरी पडू दे.